व्हीडी वाढवायच्या आधी: निपाणीकडच्या एका पेशंटची केस आणि ती करताना शिकलेली पीजी

डेंटल कॉलेजातल्या आमच्या डिपार्टमेंटला एक फुल माउथ रिहॅबिलिटेशन पूर्ण झालं, म्हणजे तोंडातले जवळजवळ सगळे दात एकाच प्लॅननं पुन्हा उभे करायचे तसली केस. ती लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं. केस दुर्मिळ वगैरे अजिबात नाही, बेळगाव, खानापूर, चिकोडी, हुक्केरी, निपाणी ह्या पट्ट्यात ओपीडीला बसलं की असे झिजलेले दात कायम दिसतात. लिहायचं कारण वेगळं आहे, ही केस एका सेकंड इयर पीजीला (पोस्ट ग्रॅज्युएशन करणाऱ्या डॉक्टर मुलीला) शिकवत शिकवत केली, त्यात ती कुठं अडली, मी कुठं चुकलो, आणि कुठल्या ठिकाणी पेशंटनंच आम्हाला शिकवलं, हे नीट मांडलं तर दुसऱ्या कॉलेजातल्या शिकवणाऱ्यांना आणि पोरांना कामाला येईल असं मला मनापासून वाटतं. पेशंटची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

पेशंट बाई, वय ५६, निपाणी तालुक्यातलं खेडं. लहानपणापासून तंबाखूच्या वखारीत काम. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिसरी सकाळ-संध्याकाळ, तीसेक वर्षं. जेवण म्हणजे जोंधळ्याची भाकरी. वरचे पुढचे दात उंचीला निम्मे राहिलेले आणि पिवळं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, उघडं पडलेलं, खालचे पुढचे सपाट, प्रीमोलरच्या (सुळ्यामागच्या छोट्या दाढांच्या) मानेपाशी गालाकडच्या बाजूनं खाचा, ३६ आणि ४६ (खालच्या डाव्या आणि उजव्या पहिल्या मोठ्या दाढांचे नंबर) पंधरा वर्षांपूर्वी काढलेले. तक्रार त्यांच्याच शब्दात: "भाकरी चावायला येईना झालंय, गार पाणी लागतंय, आणि तोंडाचं कोपरं चिरत्यात."

पीजी विजयपूरकडची, घरात कन्नड, मराठी समजते पण बोलताना अडखळते. हात मात्र फार चांगला, फँटम हेडवर (सरावाच्या नकली डोक्यावर) तिची प्रेप, म्हणजे क्राउनसाठी दात कापून आकार देणं, बॅचमध्ये सगळ्यात स्वच्छ असायची. दुसऱ्याच दिवशी ती प्लॅन लिहून घेऊन आली: दात झिजलेत, त्यामुळं व्हर्टिकल डायमेन्शन कमी झालं आहे (आम्ही नुसतं व्हीडी म्हणतो, म्हणजे दात मिटल्यावर नाकापासून हनुवटीपर्यंतची उंची), म्हणून ओठाचे कोपरे चिरतात, म्हणून व्हीडी ५ मिमी वाढवायचा आणि सगळ्या दातांना क्राउन, म्हणजे टोप्या. तीन महिन्यात केस खलास.

मी तिला एकच विचारलं, ह्यातलं कुठलं वाक्य तू तपासलंस आणि कुठलं पुस्तकातून आलं? ती गप्प बसली. राग आला असावा तिला, पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली, तेव्हापासून त्या वहीत प्रत्येक गोष्टीपुढं दोन रकाने, 'मला काय वाटतं' आणि 'कशानं कळलं'. ही कल्पना तिचीच, मी फक्त ती आता सगळ्यांना करायला लावतो.

पहिला धक्का दातांच्या बाहेरच बसला. फायनल इयरची चार पोरं बघायला उभी होती, त्यातल्या एकानं आरशानं खालचा ओठ नुसता खाली ओढला, तर आत पांढरा सुरकुतलेला चट्टा, मिसरी जिथं राहते बरोबर तिथं. पीजीनं दोन व्हिजिटमध्ये चाळीसेक फोटो काढले होते, एकाही फोटोत तो चट्टा नव्हता, कारण रिट्रॅक्टर (ओठ बाजूला धरणारं साधन) लावला की ओठ ताणला जातो आणि आपली नजर सरळ दातावर जाते. मीसुद्धा तोवर ओठ उलटून बघितला नव्हता. ओरल मेडिसिनकडं पाठवलं, बायोप्सी झाली, हायपरकेराटोसिस आलं, म्हणजे वरचा थर नुसता जाड झालेला, डिसप्लेसिया, म्हणजे कॅन्सरकडं झुकणारा बदल, नव्हता. पुढचं सगळं काम त्या रिपोर्टनंतर. इकडच्या पेशंटचं तोंड म्हणजे आधी तंबाखूचं तोंड, दात त्यानंतर.

दुसरा धक्का कोपऱ्यांचा. कोपरे चिरणं ही व्हीडी कमी झाल्याची खूण म्हणून तिनं धरलं होतं, पुस्तकात तसं आहेच. मी म्हटलं रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन नऊच्या आत. फिजिशियननी गोळ्या सुरू केल्या आणि आम्ही दाताला हात लावायच्या आधीच दीड महिन्यात कोपरे भरून आले. तिच्या वहीत त्या दिवशी उजव्या रकान्यात 'एचबी' एवढंच लिहिलेलं होतं आणि डावीकडचं वाक्य तिनं खोडलं होतं.

आता मोजमाप. खालचा जबडा सैल सोडल्यावर आणि दात मिटल्यावर ह्या दोन उंचीत साधारण २ ते ४ मिमी फरक असतो, त्याला फ्रीवे स्पेस म्हणतात. तिला पहिल्या दिवशी ७ मिळाली. टर्नर आणि मिसिर्लियन ह्यांनी १९८४ मध्ये झिजलेल्या दातांचे तीन गट सांगितले, व्हीडी गेलेला, व्हीडी न गेलेला पण जागा असलेला, आणि व्हीडी न गेलेला आणि जागाही नसलेला. ७ म्हटल्यावर तिनं पहिल्या गटात टाकून मोकळं केलं. पण मोजताना बाई खुर्चीत ताठ, पदर मुठीत धरून बसलेल्या, तोंडाजवळ फूटपट्टी बघून हनुवटी अजून खाली ओढत होत्या. मग मी पट्टी खाली ठेवायला सांगितली, आधी पाच मिनिटं वखारीतल्या गप्पा, मग ओठ मिटून "म्म" म्हणायला लावायचं, मग मोजायचं, आणि हे वेगवेगळ्या तीन दिवशी. आकडा ५ च्या आसपास स्थिरावला. ५ आणि ७ मधला फरक कागदावर छोटा वाटतो पण निर्णय पूर्ण बदलतो.

बोलण्याची टेस्ट तर आणखी मजेशीर झाली. 'स' म्हणताना वरचे-खालचे दात जवळ येतात पण टेकत नाहीत, साधारण १ मिमी जागा राहते, त्यावरून व्हीडीचा अंदाज येतो. पुस्तकात इंग्रजी शब्द दिलेले असतात, पीजी तेच म्हणायला सांगत होती आणि बाई तो शब्द कसाबसा जुळवत होत्या, म्हणजे आपण बाईंचं बोलणं तपासतच नव्हतो, इंग्रजी म्हणायची कसरत तपासत होतो. मी म्हटलं "मावशी, सासूनं सात साड्या सुकत घातल्या, म्हणा बघू." हसून घडाघडा म्हणाल्या, चार वेळा. पीजीनं कन्नडमधला 'सासिवे' म्हणजे मोहरी हा शब्द काढला, बाईंना तोही येत होता, निपाणीकडच्या माणसाला दोन्ही भाषा येतातच. आता डिपार्टमेंटला मराठी आणि कन्नड दोन्हीची शब्दांची यादी टेबलाच्या काचेखाली लावलेली आहे.

मग माउंटिंग, म्हणजे दातांचे प्लास्टरचे नमुने (कास्ट) जबड्यासारख्या हलणाऱ्या यंत्रावर बसवणं, आणि इथं दीड महिना गेला. जबड्याच्या सांध्यातली स्थिर पोझिशन, सेंट्रिक रिलेशन, घ्यायची तर आधी दातांची सवय मोडावी लागते, त्यासाठी पुढच्या दातांवर ॲक्रिलिकचा छोटा तुकडा बसवून पंधरा-वीस मिनिटं चावत बसवायचं, लुसियानं १९६४ मध्ये सांगितलेली जिग ती हीच. पीजीची पहिली बाइट (दोन्ही जबडे कसे जुळतात त्याचा ठसा) पाच मिनिटात घेतलेली. मी नाही म्हटलं नाही, तीच बाइट माउंट करू दिली. मग दुसऱ्या दिवशी नवी बाइट घ्यायला लावली, तीही माउंट, तिसरी पण. तीन बाइट तीन ठिकाणी जात होत्या. चौथ्या आणि पाचव्या वेळी जिग वीस मिनिटं ठेवून घेतली तेव्हा दोन्ही एकावर एक बसल्या. मी आधीच "चुकलं आहे, परत घे" म्हणालो असतो तर तिनं घेतली असती, पण पुढच्या पेशंटला माझ्या मानेकडं बघत बसली असती. कास्टनंच नाही म्हणावं, सरांनी नाही, एवढंच मला हवं होतं. प्लास्टर वाया गेलं, वेळ गेला, त्याबद्दल मला काही वाटत नाही.

व्हीडी किती वाढवायचा ह्यावर आमचं बरंच बोलणं झालं. गेलेला व्हीडी परत आणायचा हा विचार डोक्यातून काढला, कारण किती गेला हे कुणालाच नक्की माहीत नसतं. प्रश्न असा विचारला की रिस्टोरेशनला जागा मिळायला कमीत कमी किती उघडावं लागेल. मोलरपाशी १ मिमी उघडलं की पुढं २ ते ३ मिमी उघडतं, त्या हिशोबानं इन्सायझल पिनवर (यंत्राच्या पुढच्या खिळ्यावर) ३ मिमी पुरत होते. तिच्या प्लॅनमधल्या पाचाचे तीन झाले. त्यावर वॅक्स-अप (कास्टवर मेणानं उभे केलेले नवे दात), वॅक्स-अपवरून पुट्टीचा साचा, त्यात बिस-ॲक्रिल (तात्पुरतं प्लास्टिक) भरून तोंडात मॉक-अप, म्हणजे नव्या दातांचा नमुना.

आरसा दिल्यावर बाईंनी पहिल्यांदा पदर तोंडावर घेतला. मग हळूच काढला, दात बघितले, परत झाकला. पीजीला वाटलं आवडलं नाही. मी खुणेनं थांब म्हटलं. मिनिटभरानं बाई म्हणाल्या, "लग्नात असं हुतं माझं दात." मग लगेच, "पर जरा मोठं वाटालेत." खरंच लांब होते, वरचे सेंट्रल (अगदी मधले दोन) अर्धा मिमीनं, पीजीनं डिस्क घेऊन तिथंच कमी केले आणि पुट्टी परत घेतली.

आता ज्या भागासाठी मी हे सगळं लिहितोय तो. नवीन व्हीडी सोसतो का हे बघायला आम्ही काढता-घालता येणारा ॲक्रिलिकचा स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारं आवरण, दिला, सहा आठवडे. दर दोन आठवड्यांनी बाई यायच्या, पीजी विचारायची "आक्का, घालताय का?", बाई "व्हय" म्हणायच्या, केसशीटवर लिहिलं जायचं: नियमित वापर, दुखत नाही, व्हीडी मानवला. मी सह्या केल्या. सहाव्या आठवड्यात प्रेप सुरू करायची तारीख ठरली. त्या दिवशी स्प्लिंट हातात घेऊन बघितला तर चकचकीत, पॉलिशसकट, एक ओरखडा नाही. सहा आठवडे भाकरी खाणाऱ्या तोंडात राहिलेली वस्तू अशी दिसत नाही. मी विचारलं, "मावशी, काल रात्री काय जेवलात?" "भाकरी, पिठलं." "तेव्हा हे कुठं होतं?" "फळीवर डबीत ठेवतो की ओ, भाकरी अडकतीया त्यात. झोपताना बी काढतो, इवळतंय. बाकी येळंला घालतो." (इकडं बायका 'ठेवतो, घालतो' असंच बोलतात, पीजीला आधी ते पुरुषाचं बोलणं वाटायचं.)

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. घालताय का विचारलं, घालत होत्या, म्हणून हो म्हणाल्या. खाताना नाही, झोपेत नाही, म्हणजे ज्या दोन वेळी दातावर खरा भार येतो त्या दोन्ही वेळी स्प्लिंट फळीवर, आणि आम्ही त्यावर वीसपेक्षा जास्त दात कापायला निघालो होतो. पीजी रडवेली झाली. चूक तिची एकटीची नव्हती, सही माझी होती, हे मी तिला तिथंच पोरांसमोर सांगितलं, कारण असं गुपचूप सांगितलं तर पोरं एवढंच शिकतात की चूक झाकायची असते.

मग पेशंटला स्वतः काढता न येणारी ट्रायल. वॅक्स-अपच्या पुट्टीवरून दात न कापता कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) बाँड केलं, वर-खाली, सगळ्या झिजलेल्या दातांवर. नुसतं वाढवलेलं, नको झालं तर काढून टाकता येतं. पहिले चारेक दिवस गालाचे स्नायू दुखले, मग थांबलं. तिसऱ्या आठवड्यात २४ वरचं (वरचा डावा पहिला प्रीमोलर) कॉम्पोझिट तुटलं. पीजीनं लावून दिलं. पाचव्या आठवड्यात परत २४, परत तीच कड. ती परत लावायला बसली तेव्हा मी हात धरला, म्हटलं दोनदा एकाच जागी तुटलं म्हणजे कॉम्पोझिट काहीतरी सांगतंय, ते आधी ऐक. दात वाळवून आर्टिक्युलेटिंग पेपर, म्हणजे दात कुठं टेकतात ते दाखवणारा रंगीत कागद, धरला (ओल्या दातावर खूण उमटतच नाही, पोरं हे विसरतात), ८ मायक्रॉनची शिम (अगदी पातळ पट्टी) धरून ओढून बघितली. जबडा डावीकडं नेला की सुळा लागतच नव्हता, झिजलेला, आमच्या बिल्ड-अपमध्येही आखूडच राहिलेला, आणि सगळा भार २४ च्या एका कडेवर. वॅक्स-अपमध्येच चूक होती. सुळा वाढवला, गायडन्स (जबडा बाजूला नेताना येणारा टेकू) त्याच्यावर आणला, नंतर २४ परत तुटला नाही.

पण एवढ्या जोरानं घासतंय कोण हा प्रश्न राहिलाच. बाईंना विचारलं, रात्री दात खाता का, त्या नाही म्हणाल्या. त्या दिवशी सुट्टी म्हणून नातू सोबत आलेला, सात-आठ वर्षांचा, कोपऱ्यातून म्हणाला, "खाती की आजी. मला झोप येत न्हाई." पीजीनं वहीत डावा रकाना भरलाच नाही, उजवीकडं लिहिलं: नातू.

आठ आठवडे कॉम्पोझिट टिकलं आणि बाई त्याच्यावर भाकरी खात होत्या. ह्या वेळी विचारलं नाही, भाकरी घेऊनच बोलावलं. फडक्यात बांधून आणलेली भाकरी आणि लसणाची चटणी, डिपार्टमेंटच्या बाकावर बसून खाल्ली, पीजी समोर स्टुलावर. बाई सगळं डावीकडंच चावत होत्या, उजवीकडं दाढ नसल्यापासून लागलेली पंधरा वर्षांची सवय. खरं तर ३६ पण नव्हता, पण डावीकडचे उरलेले दात जास्त भिडत होते. २४ च का तुटत होता त्याचा हा दुसरा अर्धा भाग.

त्यानंतरच बर (दात कापायचं फिरतं टोक) हातात. आणि पहिल्याच दाताला माझी चूक. ४४ वर (खालचा उजवा पहिला प्रीमोलर) पीजीनं फँटम हेडवर शिकवल्याप्रमाणं वरून २ मिमी कमी केलं. पण इथं व्हीडी वाढवून वर आधीच जागा केलेली होती, जेमतेम अर्धा-पाऊण मिमी घ्यायचं होतं. प्रेप कशी करायची हे मी तिला दोन वर्षं शिकवलं होतं, ह्या तोंडात कुठून मोजायचं हे मात्र त्या सकाळी सांगितलं नव्हतं. आखूड दातावर उंची हीच पकड असते, प्रीमोलर आणि पुढच्या दातांना किमान ३ मिमी आणि मोलरला ४ मिमी लागते असं गुडेकरच्या २००१ च्या लेखात आहे, आमचा ४४ काठावर आला. मी काम थांबवलं. पुट्टी मधून चिरून तिचे काप केले, प्रत्येक दातावर काप ठेवून तयार होणाऱ्या क्राउनच्या बाहेरच्या रेषेपासून मोजायचं, जिथं जागा आहे तिथं बर लावायचाच नाही. दोन संध्याकाळी प्लास्टरच्या कास्टवर तेच करून घेतलं, मग परत पेशंट. ४४ ला बाजूंनी छोट्या खाचा देऊन पकड वाढवली, तो आजपर्यंत सुटलेला नाही, पण कापलेलं इनॅमल परत येत नाही.

बाकीचं काम सरळ झालं. आधी पुढचे दात, मग मागचे, एका वेळी एकच भाग, दुसरा भाग कॉम्पोझिटवर व्हीडी धरून ठेवायचा. दोन्ही बाजूंना ३५ ते ३७ आणि ४५ ते ४७ ब्रिज (बाजूच्या दातांवर टेकून रिकामी जागा भरणारे जोडदात), कारण बाजूचे दात तसेही क्राउनला जाणारच होते. मागच्या दातांना मोनोलिथिक झिरकोनिया, म्हणजे एकाच कडक सिरॅमिकचे क्राउन. शेवटी वरच्या दातांवर कडक ॲक्रिलिकचा नाइट गार्ड, रात्री दात घासू नयेत म्हणून.

एकूण सत्तावीस व्हिजिट, सव्वा वर्ष. निपाणीहून बेळगाव एका बाजूनं पाऊणशे किलोमीटर. बाई एवढ्या वेळा येऊ शकल्या त्याला एक कारण आमच्या हातात नव्हतं, जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. नाहीतर दहाव्या व्हिजिटला ही केस बंद पडली असती, अशा कितीतरी बंद पडलेल्या मी बघितल्यात. लांब चालणाऱ्या ट्रीटमेंटचा प्लॅन करताना पोरांना आता मी पहिलं विचारतो, पेशंट कुठून येतो, एका दिवसाचा रोजगार बुडतो का, सोबत कोण येणार. हे केसशीटवर मेडिकल हिस्ट्रीच्या शेजारी लिहायचं.

दुसरी गोष्ट आमच्या हातातली. मध्यात पीजीची पोस्टिंग बदलत होती आणि पेशंट दुसऱ्या पीजीकडं जाणार होता, पद्धतच तशी आहे. मी अडून बसलो, पेशंट तिच्याकडंच राहिला. लॉगबुकात क्राउनची संख्या मोजली जाते, त्यामुळं सव्वा वर्षाची एक केस करणारी पोरगी कागदावर मागं दिसते, आणि दुसऱ्याच्या वॅक्स-अपवर प्रेप, तिसऱ्यानं सिमेंट, असं करून पाच पोरांचा कोटा भरतो. २४ दोनदा तुटला हे जिनं दोनदा लावलं तिलाच कळलं असतं. वेगवेगळ्या दोन पोरांनी एकेकदा लावून दिलं असतं आणि झालं. आता निदान आमच्या डिपार्टमेंटला कॉम्प्लेक्स केस सुरू करणारा तीच केस संपवतो आणि एक वर्षाच्या रिकॉलपर्यंत (परत बोलावून करायच्या तपासणीपर्यंत) ती त्याच्याच नावावर राहते. मार्कही मी प्रेपला कमी आणि वहीतल्या उजव्या रकान्याला जास्त देतो, सहकाऱ्यांपैकी सगळ्यांना हे पटलेलं नाही, आमचा वाद चालू आहे.

पीजी आता पास होऊन गेली. एक वर्षाच्या रिकॉलला मात्र मुद्दाम आली. चट्टा निम्म्यावर आलेला, मिसरी पूर्ण सुटलेली नाही, सकाळची एकदा राहिली आहे, त्यावर बोलणं चालू आहे आणि दर तीन महिन्यांनी ओठ उलटून बघणं पण चालू आहे. हिरड्या बऱ्या. ३७ च्या (खालच्या डाव्या दुसऱ्या मोठ्या दाढेच्या) मागच्या बाजूला अन्न अडकतं, तिथला छोटा ब्रश वापरायला परत दाखवला. उजवीकडं चावायला अजून आठवण करावी लागते.

नाइट गार्ड घालता का हे पीजीनं विचारलं नाही. डबी मागून घेतली, गार्ड खिडकीकडं धरून तिरका केला. डाव्या सुळ्याच्या जागी नखाएवढी सपाट, खरवडलेली खूण होती. तिनं ती मला दाखवली आणि फोटो काढून घेतला.